लोखंडी नांगर आणि ‘विषारी’ जमीन : कडेगाव परिसरातील एका समजुतीचा इतिहास

१/
विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्यांत एक समजूत घट्ट रुजलेली होती : लोखंडी नांगर घातला, तर जमीन विषारी होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला नांगर विकला जाण्यास या समजुतीमुळे दोन वर्षे लागली, असे किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. ही हकिकत बहुधा ‘अडाणी शेतकरी आणि द्रष्टा कारखानदार’ अशा थाटात सांगतात. ती थोडी जवळून पाहिली, तर अंधश्रद्धा आणि विज्ञान यांच्या झगड्याविषयी काही वेगळेच हाती लागते. त्यासाठी हा थ्रेड.

२/
प्रथम भूगोल. कडेगाव आज सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. त्या काळी हा भाग सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मोडत असे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. सह्याद्री पाऊस अडवतो, म्हणून हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. कृष्णाकाठी खोल काळी जमीन आणि कडेगाव-खानापूरच्या माळावर वीतभर मातीखाली मुरूम, असे दोन प्रकार काही कोसांच्या अंतरात आढळतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

३/
आता काळ. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खनचा शेतकरी खचला होता. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग पुढे सातारा जिल्ह्यातही पसरला. एक हंगाम हुकला की बैल विकावे लागत. लागोपाठ दोन हुकले की जमीन सावकाराकडे जाई. नवे औजार घ्यावे की नाही, हा निर्णय करणारा माणूस अशा कडेलोटावर उभा होता.

४/
नांगर बनवणारे लक्ष्मणराव १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकू लागले. परंतु रंग ओळखण्यात दोष असल्यामुळे यांत्रिक आरेखनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात बंधू रामुअण्णांसह त्यांनी सायकलींचा व्यवसाय चालवला, मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

५/
आता समजुतीकडे. तिच्यात पहिल्याच नजरेला एक विसंगती दिसते. शेतकऱ्याचा पारंपरिक लाकडी नांगर पूर्णपणे लाकडी कधीच नव्हता. जमिनीत प्रत्यक्ष घुसणारा त्याचा फाळ लोखंडाचाच असे. तो बोथट झाला की लोहाराच्या भात्यावर नेऊन शेवटून घेतला जाई. कुळवाची पासही लोखंडी, खुरपे लोखंडी, कुदळ लोखंडी. शेकडो वर्षे लोखंड जमिनीत जात होते आणि जमीन विषारी झाल्याची तक्रार कोणी केली नव्हती.

६/
एवढेच नव्हे, लोकश्रद्धेत लोखंड हा रक्षण करणारा धातू मानला जाई. बाळंतिणीच्या उशाखाली कोयता किंवा सुरी ठेवत, दाराच्या चौकटीला घोड्याची नाल ठोकत आणि खंडेनवमीला औजारांची पूजा करत. दुसरीकडे शनिवारी लोखंड विकत घेऊ नये, असाही दंडक होता. एकाच घरात लोखंड तारकही होते आणि मारकही. तेव्हा ‘लोखंडाने जमीन विषारी होते’ या वाक्यातले खरे भय लोखंडाविषयी होते का, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

७/
पहिले उत्तर पैशात सापडते. लाकडी नांगरासाठी बांधावरची बाभूळ तोडली की काम भागे. गावचा सुतार तो घडवी, दुरुस्त करी आणि सुगीला बलुत्याचे धान्य नेई. फाळाचे काम लोहाराकडे, त्याच रीतीने. या सर्व व्यवहारात रोख रक्कम क्वचितच लागे. लोखंडी नांगराला मात्र आधी रोख पैसे मोजावे लागत आणि तो मोडला, तर गावातला सुतार हतबल होता. परदेशी बनावटीचे नांगर भारतात येत होते. पण त्यांचा एखादा भाग तुटला तर खेड्यात तो मिळणार कोठून?

८/
दुसरे उत्तर मातीत आहे. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलथत नाही. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा तास कापून ढेकूळ पालथे करतो, म्हणजे तळची माती वर येते. खोल काळ्या जमिनीत यामुळे हरळी-कुंद्यासारख्या तणांच्या मुळ्या उघड्या पडून उन्हात वाळतात. हा मोठा लाभ होता. परंतु उथळ माळरानावर हेच केले, तर निकस माती आणि मुरूम वर येतो, धरून ठेवलेली ओल उडून जाते आणि पीक खरोखर खालावू शकते. ते पाहणाऱ्याला जमीन ‘बिघडली’ असे वाटणे स्वाभाविक आहे.

९/
ही शंका केवळ शेतकऱ्याची नव्हती. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ मध्ये भारतात आले आणि देशभर फिरून त्यांनी शेतीसुधारणेविषयीचा अहवाल लिहिला. तो १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकरी सरसकट मागासलेला आहे, हे मत त्यांनी त्यात खोडून काढले. त्याच्या पद्धतींना बहुधा काही कारण असते, ते समजून घेतल्याशिवाय विलायती नांगर सर्वत्र चालवू पाहणे शहाणपणाचे नाही, असा त्यांचा एकूण कल होता.

१०/
आणि ही समजूत केवळ भारतीयही नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड यांनी १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तेथील शेतकऱ्यांनी तो नाकारला. कारण? लोखंडाने जमीन विषारी होते आणि तण माजते! बेळगाव आणि न्यू जर्सी यांच्यात शंभर वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर होते. धर्म वेगळा, भाषा वेगळी, माती वेगळी. तरी समजूत जवळपास शब्दशः तीच. याचे मूळ एखाद्या पोथीत किंवा ‘पौर्वात्य स्वभावात’ शोधण्यात अर्थ नाही.

११/
न्यूबोल्डचा नांगर मुख्यतः एकसंध ओतलेला होता. एक भाग तुटला की सगळा नांगर निकामी. पुढे जेथ्रो वुड यांनी १८१९ च्या पेटंटात सुटे, बदलता येणारे भाग असलेला नांगर आणला. तुटला तेवढाच भाग बदलायचा, अशी सोय झाली आणि लोखंडी नांगर अमेरिकेत पसरू लागला. विषाची भाषा हळूहळू लोपली. त्या भाषेखाली दुरुस्तीची चिंता किती मोठी होती, हे यावरून ध्यानात येते.

१२/
म्हणजे शेतकऱ्याचे बरोबर आणि लक्ष्मणरावांचे चूक होते काय? तसेही नाही. ‘जमीन विषारी होते’ हे विधान खोटेच होते. त्याचा दोष असा की ते सर्व जमिनींना एकाच मापाने मोजत होते. माळरानाच्या मालकाला त्याने कदाचित नुकसानीपासून वाचवले असेल. परंतु कृष्णाकाठच्या मालकाचा मोठा लाभ त्याच समजुतीने रोखला. तेथे हरळी काढण्यासाठी माणसे कुदळीने जमीन खणत होती आणि उपाय दाराशी येऊनही परत जात होता.

१३/
अंधश्रद्धेचा खरा अपाय येथे दिसतो. ती चुकीचे उत्तर देते एवढ्यावर थांबत नाही. उत्तर तपासण्याची वाटच बंद करते. एका कोपऱ्यात चार तास नांगरून पाहू, शेजारच्या तुकड्याशी तुलना करू, मग ठरवू, ही पायरी ती गाठू देत नाही. विज्ञानाचे सामर्थ्य याच पायरीत असते. ‘चालेल की नाही’ याऐवजी ‘कोठे चालेल, किती खोल चालेल, कोणत्या हंगामात चालेल’ असे ते विचारते.

१४/
ही पायरी या मुलखात गाठली कशी गेली? बेळगावातील जागा सोडणे भाग पडल्यावर औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना आश्रय दिला. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या ओसाड माळावर, कडेगावच्या दक्षिणेस, सागरेश्वरच्या डोंगरापलीकडे, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. ज्या शेतकऱ्यांना नांगराचे भय वाटत होते, त्यांच्या शिवारालगतच आता नांगराचा कारखाना आला.

१५/
या जवळिकीने पुष्कळ काही बदलले. सुटा भाग रेल्वेने किंवा बैलगाडीने आणता येऊ लागला. नांगर घडवणारे कामगार आसपासच्या गावांतलेच असल्यामुळे तो कशाचा, कसा बनतो, हे गूढ राहिले नाही. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांन्वये मिळणारी तगाई आणि १९०४ च्या कायद्यानंतर निघालेल्या सहकारी पतपेढ्या यांमुळे रोख रकमेची अडचण काही अंशी सुटली. खोल नांगरट मागणारा ऊस वाढू लागला. भयाची कारणे एकेक करून उणावली, तेव्हा भयही उतरले.

१६/
त्याच काळातील प्लेगच्या लशीचा इतिहास याला जोडून पाहण्यासारखा आहे. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. तरीही लोक घाबरत आणि ते भय निराधारही म्हणता येत नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एका दूषित बाटलीतील लशीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. लस निर्दोष होती, ती हाताळण्यात चूक झाली होती. हाफकिन यांना दोषमुक्त होण्यास मात्र पुढे कित्येक वर्षे लागली. विश्वास आज्ञेने मिळत नाही. प्रयोग करणाऱ्याने जोखमीत आपला वाटा उचलावा लागतो आणि चूक झाली तर ती उघड मांडावी लागते.

१७/
नांगराच्या कथेला पुढे एक वळणही मिळाले. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात धुळीची प्रचंड वादळे उठली. सरसकट खोल नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडून गेली. १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर यांनी जमीन उलथणाऱ्या नांगरालाच आव्हान देणारे पुस्तक लिहिले आणि आज किमान मशागत ही कृषिविज्ञानातील मान्य पद्धत आहे. ज्या नांगराला विज्ञानाने पुढे आणले, त्याच्या मर्यादाही विज्ञानानेच दाखवल्या. आपलीच चूक शोधण्याची ही सोय समजुतीपाशी नसते.

१८/
येथवर पाहिली ती भयातून उपजलेली समजूत. भयाचे कारण दूर झाले की ती विरते. दुसरा प्रकार मात्र इतका सोपा नाही. काही समजुतींवर कोणाचे तरी पोट, पद किंवा प्रतिष्ठा उभी असते. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात नेमका हाच हिशेब मांडला. जन्मापासून मृत्यूपर्यंत, आणि मृत्यूनंतरही, धर्मविधींच्या नावाने शेतकऱ्याच्या घरातून पैसा कसा बाहेर जातो, हे त्यांनी क्रमाने दाखवले. त्यांनी १८७३ मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाने पुढे सातारा जिल्ह्यात खोलवर मूळ धरले.

१९/
अशा समजुतींचा मक्ता केवळ पुरोहितांकडे किंवा भगतांकडे नव्हता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. अमुक पोटी जन्मला म्हणून माणूस चोर, हे विधान ‘विषारी जमिनी’पेक्षा कमी अवैज्ञानिक नव्हते, फरक इतकाच की ते राजपत्रात छापलेले होते. या पार्श्वभूमीवर तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना किर्लोस्करवाडीत रखवालदार म्हणून नेमले गेले, ही नोंद मोलाची आहे. त्या एका माळावर दोन समजुतींची परीक्षा चालू होती.

२०/
तिसरी परीक्षा कागदावर झाली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. आरंभी कारखान्याची माहिती देणारे हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. जातिभेद, सोवळेओवळे, स्त्रियांचे शिक्षण, विवाह आणि विज्ञाननिष्ठा या विषयांवर त्यांतून वाद झडले. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरणारे लेख ‘किर्लोस्कर’मध्ये येत. नांगर दोन वर्षांत खपला. या विषयांवरचा वाद मात्र शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. कारण येथे भयाबरोबर हितसंबंधही गुंतले होते.

२१/
याच परिसरातील आणखी एक घटना या विभागणीत कोठेच सहज बसत नाही. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव आज कडेगाव तालुक्यात आहे. बाळंतपण अवघड झाले तेव्हा आजीने सागरोबाला साकडे घातले आणि यश आले म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवले, असे त्यांनी ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात सांगितले आहे. त्या साकड्याने कोणाला लुबाडले नाही, कोणाचा उपचार अडवला नाही. डॉक्टर हाताशी नसलेल्या घराचा तो आधार होता. अशा आजीची थट्टा करून विज्ञान पुढे जात नाही. गावात दवाखाना आला की ते पुढे जाते.

२२/
ही सूक्ष्म रेघ ज्यांनी आयुष्यभर जपली ते डॉ. नरेंद्र दाभोलकर सातारचेच. व्यवसायाने डॉक्टर, मैदानात कबड्डीपटू. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. त्यांचा विरोध देव मानण्याला नव्हता. देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला होता. त्यासाठी कायदा व्हावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांना निर्दोष सोडले.

२३/
हत्येनंतर चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी त्यात शिक्षा आहे. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. साप चावल्यावर कोणी देवाचे नाव घेतले, तर तो गुन्हा नाही. परंतु रुग्णाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. कायदा मनातल्या समजुतीला हात लावत नाही. त्या समजुतीचा बाजार मांडणाऱ्याला धरतो.

२४/
आज टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी कडेगावच्या माळापर्यंत पोहोचवले आहे. ऊस दिसतो, ट्रॅक्टर दिसतात आणि ट्रॅक्टरमागचा नांगर अर्थातच लोखंडी असतो. पणजोबांना ज्याचे भय वाटले, त्या औजाराने जमीन विषारी होईल, अशी शंका आता कोणाला येत नाही. मात्र अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या बाजूला लिंबू-मिरची लटकलेली असते. हप्ते फिटायचे असतात, अपघाताची धास्ती असते, भावाचा भरवसा नसतो.

२५/
ती लिंबू-मिरची पाहून हसणे सोपे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तिथे दोन प्रश्न विचारावेत : ही समजूत कोणत्या भयावर पांघरूण घालते? आणि हिच्यावर कोणाचे पोट चालते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर विमा, पतपुरवठा, दवाखाना, सुटा भाग असे उपाय सुचतात. दुसऱ्याचे उत्तर मिळाले, तर कायदा आणि संघटना लागते. शिवाय धैर्यही लागते, कारण तिथे समोरचा माणूस गप्प बसत नाही. एकाचे औषध दुसऱ्याला देऊन गुण येत नाही. लोखंडी नांगराच्या त्या दोन वर्षांनी शिकवलेला हा धडा दाभोलकरांच्या कायद्याच्या कलमांतही वाचता येतो.